इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ कसा शिकावा : कोकणातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

इंग्रजी शिकायला सुरुवात करणाऱ्या मराठी माणसाची गाठ सर्वांत आधी साध्या वर्तमानकाळाशी पडते आणि सोपा वाटल्यामुळे तो बहुतेक वेळा घाईने मागे टाकला जातो. क्रियापदाचे मूळ रूप घ्यायचे आणि कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल तर शेवटी एस लावायचा, एवढा नियम शाळेतच पाठ झालेला असतो. तरीही तारकर्लीला पर्यटकांना होडीतून फिरवणारा तरुण, घरच्याच दोन खोल्या पाहुण्यांना देणारी दापोलीकडची गृहिणी किंवा रत्नागिरीत नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणारी मुलगी प्रत्यक्ष बोलू लागते, तेव्हा अडखळायला होते ते नेमके इथेच. याचे कारण आपल्या मराठीत आहे. 'करतो, जातो, येतो' हे मराठी रूप इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळापेक्षा पुष्कळ जास्त कामे करते. त्यामुळे आपण मराठीत विचार करून शब्दाला शब्द ठेवत गेलो की वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात बसते, पण ऐकणाऱ्याला भलताच अर्थ कळतो. म्हणून या लेखाची सुरुवात रूपांच्या तक्त्याने केलेली नाही. आपले मराठी वाक्य नेमके कोणते काम करत आहे हे आधी ओळखायचे आणि मग इंग्रजी रूप निवडायचे, असा क्रम ठेवला आहे.

इंग्रजी वाक्ये येथे देवनागरीत दिली आहेत, कारण पहिल्या टप्प्यात उच्चार कानावर पक्के बसणे महत्त्वाचे असते. वहीत उतरवताना मात्र ती रोमन लिपीत, शब्दकोशात स्पेलिंग तपासून लिहावीत.

पहिली पायरी : मराठी वाक्याचे काम ओळखा

पुढील चार वाक्ये पाहा. 'बाबा रोज पहाटे बंदरावर जातात.' 'थांबा, मी पाणी आणतो.' 'मी उद्या मुंबईला जातो.' आणि 'काय करतेस?' या प्रश्नाला स्वयंपाकघरातून आलेले उत्तर, 'मासे साफ करते.' मराठीत चारही ठिकाणी क्रियापदाची घडण एकच आहे. इंग्रजीत मात्र या चारांची तीन निरनिराळी रूपे होतात. पहिल्या वाक्यात सवय सांगितली आहे, म्हणून 'माय फादर गोज टू द हार्बर एव्हरी मॉर्निंग.' दुसऱ्यात त्याच क्षणी देऊ केलेली मदत आहे, म्हणून 'आय विल ब्रिंग सम वॉटर.' तिसऱ्यात ठरलेला बेत आहे, म्हणून 'आय ॲम गोइंग टू मुंबई टुमॉरो.' चौथ्यात या घडीला चाललेले काम आहे, म्हणून 'आय ॲम क्लीनिंग फिश.' साधा वर्तमानकाळ फक्त पहिल्या वाक्यात आहे.

यांपैकी दुसऱ्या प्रकारात चूक सर्वाधिक होते आणि ती पाहुण्यांसमोर होते. 'मी चहा देतो', 'मी सामान उचलतो', 'मी रिक्षावाल्याला फोन करतो' ही आपल्याकडच्या आतिथ्याची रोजची वाक्ये आहेत. ती 'आय गिव्ह टी', 'आय कॅरी द बॅग्ज', 'आय कॉल द ऑटो' अशी उतरवली तर ऐकणाऱ्याला वाटते की हा माणूस आपल्या रोजच्या कामांची माहिती देत आहे. येथे 'आय विल' किंवा बोलण्यातले 'आइल' वापरण्याची सवय लावून घ्यावी. निरोप घेताना आपण 'येतो हं' म्हणतो, त्याचेही 'आय कम' होत नाही. 'आय ॲम लीव्हिंग' किंवा सरळ 'गुडबाय' म्हणावे. 'मी दहा वर्षे इथेच राहतो' या वाक्यातही काळ वेगळा आहे, कारण त्यात मागे सुरू होऊन आजवर चालत आलेली गोष्ट आहे : 'आय हॅव लिव्ड हिअर फॉर टेन इयर्स.' तो काळ पुढे स्वतंत्रपणे शिकावा लागेल. सध्या एवढेच लक्षात ठेवावे की तेथे साधा वर्तमानकाळ चालत नाही.

ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. आपल्या मराठी वाक्यात 'रोज', 'नेहमी' किंवा 'दर वर्षी' हा शब्द घालून पाहा. अर्थाला धक्का न लागता तो बसला तर वाक्य साध्या वर्तमानकाळाचे आहे. त्याऐवजी 'आत्ता या क्षणी' किंवा 'लगेच' हे शब्द आपोआप ओठांवर येत असतील, तर दुसरे रूप शोधावे. कोकणात पावसाबद्दल बोलताना ही कसोटी चांगली अंगवळणी पडते. 'इट रेन्ज हेव्हिली इन कोकण फ्रॉम जून टू सप्टेंबर' हे दर वर्षीचे सत्य झाले आणि खिडकीतून बाहेर पाहत म्हटलेले 'इट इज रेनिंग' हे या घडीचे.

सवयीच्या जोडीला आणखी तीन कामे या काळाकडे आहेत. जे कायम खरे असते ते याच काळात सांगतात : 'द टाइड कम्ज इन ट्वाइस अ डे', किंवा मालवणच्या किल्ल्याबद्दल 'सिंधुदुर्ग स्टँड्ज ऑन ॲन आयलंड.' किल्ला बेटावर उभा आहे ही आजही खरी असलेली गोष्ट आहे; त्याचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले ही झालेली घटना आहे, आणि ती सांगायची वेळ आली की भूतकाळ वापरावा लागतो. किल्ला दाखवणाऱ्यांनी ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून म्हणण्याचा सराव करावा. दुसरे काम वेळापत्रकाचे. गाडी, बस, बोट, कार्यालय यांच्या ठरलेल्या वेळा भविष्यातल्या असल्या तरी साध्या वर्तमानकाळात येतात : 'द ट्रेन लीव्ज चिपळूण ॲट सिक्स टुमॉरो.' माणसाचा खाजगी बेत मात्र असा सांगितला जात नाही. आपण स्वतः त्या गाडीने जाणार असू तर 'आय ॲम लीव्हिंग टुमॉरो' म्हणतो. तिसरे काम मनाच्या आणि मालकीच्या स्थितीचे आहे. नो, लाइक, वॉन्ट, नीड, अंडरस्टँड, बिलीव्ह आणि मालकी दाखवणारे हॅव ही क्रियापदे या क्षणाबद्दल बोलतानाही साध्याच रूपात राहतात. 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' किंवा 'ही इज हॅविंग टू बोट्स' ही वाक्ये आपल्याकडे सर्रास ऐकू येतात. त्यांच्या जागी 'आय डोन्ट अंडरस्टँड' आणि 'ही हॅज टू बोट्स' म्हणावे.

आता एक उलट दिशेची गोष्ट. काही ठिकाणी मराठीत वर्तमानकाळ नसतो, पण इंग्रजीत तोच लागतो. 'पाऊस थांबला की निघू' या वाक्यात आपण थांबण्याची क्रिया चक्क भूतकाळी रूपात सांगतो, आणि 'पाऊस थांबेल तेव्हा निघू' असे म्हटले तर भविष्यकाळात. इंग्रजीत व्हेन, इफ, बिफोर, आफ्टर, अंटिल या शब्दांनंतर येणारी पुढची गोष्ट साध्या वर्तमानकाळात राहते आणि विल फक्त मुख्य वाक्यात येते : 'वी विल लीव्ह व्हेन द रेन स्टॉप्स.' होडीवाल्यांना आणि फेरी बोटीच्या तिकीट खिडकीवर बसणाऱ्यांना हे वाक्य पदोपदी लागते : 'इफ द सी इज रफ, द बोट विल नॉट गो.' यातले 'इज' हे भविष्याबद्दलचेच आहे, पण त्याचे 'विल बी' करायचे नाही.

दुसरी पायरी : 'आहे' आणि क्रिया यांची सरमिसळ थांबवा

नवशिक्याच्या तोंडी हमखास येणारे वाक्य म्हणजे 'आय ॲम वर्क इन अ होटेल.' असे का होते हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या धड्यात आपण 'आय ॲम फ्रॉम देवगड', 'आय ॲम अ स्टुडंट', 'शी इज माय सिस्टर' अशी वाक्ये शिकतो आणि 'मी' म्हणजे 'आय ॲम' अशी जोडगोळीच डोक्यात बसते. प्रत्यक्षात 'मी' म्हणजे फक्त 'आय'. ॲम, इज, आर ही 'आहे'ची रूपे आहेत आणि कोण आहे, कसा आहे, कुठे आहे हे सांगताना ती एकटीच पुरेशी असतात : 'द रूम इज क्लीन', 'द जेटी इज निअर द टेम्पल', 'वी आर टायर्ड.' काही करण्याचे क्रियापद आले की साध्या वर्तमानकाळात 'आहे'ला जागा उरत नाही : 'आय वर्क इन अ होटेल.'

वहीच्या एका पानावर डावीकडे 'आहे'ची वाक्ये आणि उजवीकडे क्रियेची वाक्ये लिहावीत आणि एकाही वाक्यात दोन्ही बाजूंची क्रियापदे येत नाहीत ना हे तपासावे. हा सराव कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये. पुढचे सगळे प्रश्न आणि नकार याच विभागणीवर उभे आहेत.

तिसरी पायरी : एस कोठे लागतो, आणि मराठी तेथे कशी दिशाभूल करते

आय, यू, वी, दे आणि सर्व अनेकवचनी कर्ते यांच्याबरोबर क्रियापद मूळ रूपात राहते. ही, शी, इट आणि कोणतेही एकवचनी नाम यांच्याबरोबर त्याला एस लागतो. मराठी क्रियापद कर्त्याचे लिंगही दाखवते : तो जातो, ती जाते, ते जाते. इंग्रजीत 'ही गोज' आणि 'शी गोज' यांत फरक नाही. मालवणी बोलणाऱ्याला हे नवे वाटणार नाही, कारण 'तो जाता' आणि 'ती जाता' असेच तो घरात बोलत असतो. बोलीचा हा उपयोग शिकवणाऱ्यांनी वर्गात जरूर करून घ्यावा. मालवणीमुळे इंग्रजी बिघडते असा जो समज आहे त्याला येथे तरी आधार नाही.

मोठी अडचण येते ती आदरार्थी बहुवचनामुळे. 'बाबा कामाला जातात', 'सर गणित शिकवतात', 'आजोबा पेपर वाचतात' या वाक्यांत माणूस एक असला तरी क्रियापद अनेकवचनी असते. तीच सवय इंग्रजीत आली की 'माय फादर गो', 'आवर सर टीच मॅथ्स' अशी वाक्ये तयार होतात. गंमतीची गोष्ट अशी की आईबद्दल आपण बहुधा 'आई करते' असे एकवचनातच बोलतो, त्यामुळे त्याच विद्यार्थ्याच्या तोंडून 'माय मदर कुक्स' मात्र बिनचूक येते. इंग्रजी क्रियापदाला आदर माहीत नाही, त्याला फक्त संख्या कळते. वडील असोत, गावचे सरपंच असोत की देशाचे राष्ट्रपती असोत, माणूस एक असेल तर एस लागणारच : 'माय ग्रँडफादर रीड्ज द न्यूजपेपर.' यात त्यांचा अनादर होत नाही, ही खात्री मनाशी बाळगावी.

याच्या जोडीला काही फसवे कर्ते आहेत. 'सगळ्यांना माहीत आहे' यातले सगळे म्हणजे अनेक जण, पण एव्हरीवन आणि एव्हरीबडी इंग्रजीत एकवचनी चालतात, म्हणून 'एव्हरीवन नोज.' उलट पीपल हा शब्द एस नसूनही अनेकवचनी आहे, म्हणून 'पीपल कम हिअर इन मे.' 'चिल्ड्रन', 'मेन', 'विमेन' हेही तसेच. इतर सर्वसाधारण नामांच्या बाबतीत एक खूण उपयोगी पडते : एस नामाला लागला की क्रियापदाला लागत नाही आणि क्रियापदाला लागला की नामाला नसतो. 'द बोट लीव्ज ॲट नाइन', पण 'द बोट्स लीव्ह ॲट नाइन.'

स्पेलिंगचे नियम थोडे आहेत. शब्दाच्या शेवटी एस, एस-एच, सी-एच, एक्स किंवा ओ असेल तर ई-एस लागतो : वॉश, कॅच, फिक्स, गो. व्यंजनानंतर वाय असेल तर वायचा आय होऊन ई-एस लागतो, म्हणून मासे सुकवण्याचे ड्राय आणि तळण्याचे फ्राय या दोन्ही क्रियापदांत वाय जातो. स्वरानंतर वाय असेल तर काहीच बदलत नाही, म्हणून बाय, स्टे आणि प्ले यांना नुसता एस लागतो. हॅवचे हॅज होते, हा एकच खरा अपवाद.

उच्चाराकडे मात्र जास्त लक्ष द्यायला हवे, कारण शाळेत ते सहसा दिले जात नाही. लिहिताना एस असला तरी बोलताना त्याचे तीन उच्चार होतात. क, प, ट, फ अशा कठोर ध्वनींनंतर तो 'स' राहतो : कुक्स, स्टॉप्स, वेट्स. मृदू व्यंजने आणि स्वर यांच्यानंतर तो 'जाळे' आणि 'जवळ' या शब्दांतल्या ज च्या जवळ जातो : सेल्ज, रीड्ज, गोज. आणि शेवटी स, श, च असे घर्षण असेल तर एक अवयव वाढून 'इज' ऐकू येतो : वॉशिज, कॅचिज. घाईत बोलताना हा शेवटचा ध्वनी गिळला जातो आणि ऐकणाऱ्याला एस लावलाच नाही असे वाटते. म्हणून पहिले काही आठवडे तो मुद्दाम ठसठशीत उच्चारावा.

चौथी पायरी : 'मला आवडते' या घराण्यातील वाक्ये

ही पायरी मराठी शिकणाऱ्याच्या खास गरजेची आहे. आपल्याकडे आवड, माहिती, गरज, मालकी, कौशल्य या सगळ्या गोष्टी 'मला', 'तिला', 'त्याच्याकडे' अशा रूपांनी सांगितल्या जातात आणि क्रियापद माणसाशी जुळत नाही, वस्तूशी जुळते. 'बहिणीला फणस आवडतो', 'बहिणीला करवंदे आवडतात', 'बहिणीला सोलकढी आवडते' या तिन्ही वाक्यांत बहीण तीच आहे, बदलते ते फळ किंवा पेय, आणि त्याप्रमाणे क्रियापद बदलते. इंग्रजीत कर्तेपण माणसाकडे जाते आणि एस लावायचा की नाही हे माणूसच ठरवतो : 'माय सिस्टर लाइक्स जॅकफ्रूट.' करवंदे कितीही असली तरी 'लाइक्स' तसेच राहते आणि मला एकच फणस आवडत असला तरी 'आय लाइक' तसेच राहते.

असे वाक्य बांधताना तीन पावले टाकावीत. प्रथम 'ला' किंवा 'कडे' ज्याला लागले आहे तो माणूस शोधून वाक्याच्या सुरुवातीला ठेवावा. मग त्याच्याशी जुळणारे क्रियापद घ्यावे. शेवटी वस्तू ठेवावी. 'त्यांच्याकडे दोन होड्या आहेत' यात आपल्याला 'आहेत' दिसते आणि हात 'आर' लिहायला धावतो. पण येथे मालकी आहे, म्हणून 'दे हॅव टू बोट्स.' 'त्याला चष्मा लागतो' याचे 'ही नीड्ज ग्लासेस.' 'तिला इथला रस्ता माहीत आहे' याचे 'शी नोज द रोड.' 'तुम्हाला खोली हवी आहे का?' याचे 'डू यू वॉन्ट अ रूम?' कौशल्यासाठी इंग्रजीत कॅन येते आणि त्याला एस कधीच लागत नाही : 'माय सन कॅन स्विम.' भूक, तहान, थंडी यांच्या बाबतीत मात्र माणसाला पुढे आणल्यावर 'आहे'ची रूपेच लागतात : 'आय ॲम हंग्री', 'शी इज कोल्ड.' 'आय हॅव हंग्री' असे होऊ देऊ नये.

पाचवी पायरी : नकार आणि प्रश्न

मराठीत 'नाही' क्रियापदाच्या मागून येते : थांबत नाही, खात नाही. इंग्रजीत नकारासाठी डू किंवा डझ हे मदतनीस क्रियापद आधी उभे राहते, त्याला नॉट चिकटते आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात मागे येते. 'आय डोन्ट ईट प्रॉन्ज', 'दिस बस डझन्ट स्टॉप ॲट द जेटी.' येथे एसची जागा बदलते हे बारकाईने पाहावे : 'स्टॉप्स'मधला एस निघून डझमध्ये गेला आहे, म्हणून 'डझन्ट स्टॉप्स' म्हणायचे नाही. एका वाक्यात तो एकदाच येतो. कोकणातल्या मच्छीमारांना पर्यटक विचारतात की पावसाळ्यात मासे का मिळत नाहीत. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा उत्तर असे द्यावे : 'मेकॅनाइज्ड बोट्स डू नॉट फिश इन जून अँड जुलाय.' 'आहे'च्या वाक्यांना मात्र डू लागत नाही. तेथे 'द सी इज नॉट सेफ टुडे' एवढेच पुरते.

प्रश्नात मराठीचा 'का' दोन कामे करतो. 'ही बस मालवणला जाते का?' यात शेवटी येऊन तो हो की नाही असे विचारतो, आणि 'ही बस का थांबत नाही?' यात मध्ये येऊन तो कारण विचारतो. पहिल्या का च्या जागी इंग्रजीत वाक्याच्या अगदी सुरुवातीला डू किंवा डझ येते : 'डझ दिस बस गो टू मालवण?' दुसऱ्यासाठी व्हाय आणून त्यामागे तेच मदतनीस क्रियापद ठेवतात : 'व्हाय डझन्ट दिस बस स्टॉप?' व्हेअर, व्हेन, हाऊ यांचेही असेच. 'व्हेअर यू लिव्ह?' असे न म्हणता 'व्हेअर डू यू लिव्ह?' म्हणावे. हू मात्र जेव्हा कर्त्याच्या जागी असतो तेव्हा मदतनीस लागत नाही आणि एस मुख्य क्रियापदावर परत येतो : 'हू सेल्ज कोकम हिअर?'

उत्तर देतानाही वळण बदलते. 'बस जाते का?' याला आपण क्रियापद परत म्हणून 'हो, जाते' असे उत्तर देतो. इंग्रजीत तेथे मदतनीस परत म्हणतात : 'येस, इट डझ', 'नो, इट डझन्ट.' आंबेविक्रेत्याला 'डू दीज मँगोज कम फ्रॉम देवगड?' असे विचारले तर 'येस, दे डू' हे उत्तर सहज आले पाहिजे. 'येस, दे आर' हे चुकीचे आहे, कारण प्रश्न 'आर'ने सुरू झालेला नाही. ज्या शब्दाने प्रश्न सुरू झाला त्याच शब्दाने उत्तर संपवावे.

सहावी पायरी : नेहमी, कधी कधी, कधीच नाही

ऑलवेज, यूजुअली, ऑफन, समटाइम्स, नेव्हर हे शब्द क्रियेच्या क्रियापदाआधी आणि ॲम, इज, आर यांच्यानंतर येतात : 'वी ऑलवेज क्लोज ॲट टू', 'द शॉप इज ऑलवेज ओपन.' नेव्हरबरोबर दुसरा नकार लागत नाही. मराठीत 'आजी सोमवारी मासे कधीच खात नाही' यात कधीच आणि नाही हे दोन्ही हवेत, पण इंग्रजीत 'माय ग्रँडमदर नेव्हर ईट्स फिश ऑन मंडेज' एवढेच, आणि तेथे एस परत आलेला दिसेल.

सातवी पायरी : रोजचा सराव

सुटी वाक्ये पाठ करण्यापेक्षा ओळखीच्या माणसाच्या दिवसावर एक छोटा उतारा लिहिणे जास्त उपयोगाचे ठरते. उदाहरणार्थ पुढील मराठी मजकूर घ्या. 'माझी मावशी हर्णैला राहते. ती रोज बंदरावर जाते. ती लिलावात मासळी घेते, टोपलीत भरते आणि दापोलीच्या बाजारात विकते. उरलेली मासळी ती सुकवते. तिला गर्दी आवडत नाही, पण तिला प्रत्येक गिऱ्हाईक माहीत आहे.' याचे इंग्रजी असे होईल : 'माय आंट लिव्ज इन हर्णै. शी गोज टू द हार्बर एव्हरी डे. शी बाइज फिश ॲट दि ऑक्शन, पुट्स इट इन अ बास्केट अँड सेल्ज इट इन द दापोली मार्केट. शी ड्राइज द रेस्ट. शी डझन्ट लाइक क्राउड्ज, बट शी नोज एव्हरी कस्टमर.'

या उताऱ्यात थांबून पाहण्यासारख्या तीन जागा आहेत. 'राहते' यासाठीचे 'लिव्ज' ऱ्हस्व आहे. ते दीर्घ म्हटले तर 'लीव्ज' होते आणि मावशी हर्णैला राहण्याऐवजी तेथून निघून जाते. तिसऱ्या वाक्यात शी एकदाच आली आहे, पण घेते, भरते, विकते या तिन्ही क्रियापदांना एस लागला आहे. लांब वाक्यात दुसऱ्या-तिसऱ्या क्रियापदाचा एस विसरणे ही अनुभवी विद्यार्थ्यांचीही चूक असते. आणि 'पुट्स' मधला एस गेला तर 'शी पुट' हा भूतकाळ होतो, म्हणजे रोजचे काम एका दिवसापुरते उरते. शेवटच्या वाक्यात मराठीतला 'तिला' दोनदा 'शी' झाला आहे, तो चौथ्या पायरीमुळे.

उतारा तयार झाला की तोच मजकूर तीन वेळा फिरवावा. प्रथम मावशीच्या जागी 'आय' घालून सगळे एस काढावेत. मग 'माय आंट अँड माय मदर' असा अनेकवचनी कर्ता घालून पाहावे. शेवटी प्रत्येक वाक्याचा प्रश्न करून घरातल्या कोणाकडून तरी तो विचारून घ्यावा आणि 'येस, शी डझ' किंवा 'नो, शी डझन्ट' असे पूर्ण उत्तर द्यावे. हे सर्व मोठ्याने करावे. मनातल्या मनात वाचताना एसचा उच्चार झाला की नाही हे कळत नाही. दुसऱ्या दिवशी माणूस बदलावा. वडिलांवर एक उतारा अवश्य लिहावा, कारण आदरार्थी बहुवचनाची परीक्षा तेथेच होते. आपला व्यवसाय पर्यटनाचा असेल तर पाहुण्यांना रोज सांगावी लागणारी माहिती, म्हणजे जेवणाची वेळ, पाणी गरम कधी मिळते, बाजार कोणत्या वारी भरतो, बोट कुठून सुटते, ही या काळात लिहून भिंतीवर लावावी आणि न पाहता म्हणण्याचा सराव करावा.

कान तयार करण्यासाठी कोकण रेल्वेचे कोणतेही स्थानक चांगले आहे. फलकावरच्या वेळा पाहून 'द ट्रेन फ्रॉम मडगाव अराइव्ज ॲट टेन' असे वाक्य स्वतः बनवावे आणि पावसाळ्यात वेळापत्रक बदलले की तेच वाक्य नव्या वेळेने म्हणावे. गाडी जवळ आल्यावर उद्घोषणेत पुष्कळदा 'इज अरायव्हिंग' असे ऐकू येते. रोजची ठरलेली वेळ सांगणारे अराइव्ज आणि आत्ता फलाटाला लागत असलेल्या गाडीचे इज अरायव्हिंग यांतला भेद ऐकताक्षणी कळू लागला, की चालू वर्तमानकाळाचा धडा उघडायला हरकत नाही.